प्रसूतिगृहाची तिसरी पाळी

प्रसूतिगृहाचा विषय निघाला की तो बायकांचा किंवा डॉक्टरांचा विषय आहे, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. तेव्हा कामगार संघटनेत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून त्यावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आम्ही वैद्यकशास्त्र शिकलेलो नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते सूतगिरणीतली पाळी संपल्यावर वाचले. परंतु एक वस्तू आम्हांला चांगली समजते, ती म्हणजे हजेरीपट. कोणत्या खात्यात कोणत्या पाळीला किती माणसे हवीत, कागदावर किती आहेत आणि यंत्रापाशी प्रत्यक्ष किती उभी आहेत, हे पाहण्यात आमची तीस वर्षे गेली. आमचे म्हणणे एवढेच आहे की, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयातील प्रसूतिविभाग जगतो तो हजेरीपटावर, आणि मरतो तोही हजेरीपटावरच. इमारत, कोनशिला आणि रंगरंगोटी या गोष्टी नंतरच्या.

प्रथम एक समाधानाची गोष्ट सांगितली पाहिजे. २००४ ते २००६ या काळात आपल्या देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. महाराष्ट्रात हा आकडा १३० होता. २०१८ ते २०२० या काळात तो देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ पर्यंत खाली आला. त्याच सुमारास झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, महाराष्ट्रात शंभरांपैकी जवळजवळ ९५ बाळंतपणे दवाखान्यात किंवा रुग्णालयात होतात. आमच्या आईच्या पिढीत बाई माजघरालगतच्या अंधाऱ्या खोलीत बाळंत होत असे, आणि सुईणीच्या हाताला यश आले तर सुटत असे. तो काळ गेला, हे चांगलेच झाले. परंतु त्यामुळे प्रश्न मिटला नाही. तो फक्त दुसऱ्या दाराशी येऊन उभा राहिला. पूर्वी विचारावे लागे, ‘बाई दवाखान्यात गेली का?’ आता विचारावे लागते, ‘बाई गेली तेव्हा दवाखान्यात कोण होते?’

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ साली या विषयाची एक सोपी मांडणी केली. बाळंतीण दगावते ती तीन दिरंगायांमुळे, असे त्यांनी दाखविले. पहिली दिरंगाई घरात होते: न्यायचे की नाही, हे ठरविण्यात वेळ जातो. दुसरी वाटेवर होते: गाडी नाही, रस्ता नाही, पैसे नाहीत. तिसरी रुग्णालयाच्या आत होते: बाई पोचली, पण उपचार करणारा माणूस, रक्त किंवा औषध जागेवर नाही. पहिल्या दोन दिरंगाया कमी करण्यासाठी आपल्याकडे बरेच झाले. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, २०११ साली जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आला, २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. गावोगावच्या आशाताईंनी बायकांना घराबाहेर काढून दवाखान्याची वाट दाखविली. उरली ती तिसरी दिरंगाई, आणि ती जवळजवळ सर्वस्वी हजेरीपटाची बाब आहे.

घड्याळाचा हिशेब

ही दिरंगाई किती वेळाची परवडते? उपचार न मिळाल्यास कोणत्या संकटात साधारण किती अवधी हाती असतो, याचे एक कोष्टक याच क्षेत्रातील जाणकारांनी केले आहे. बाळंतपणापूर्वी रक्तस्राव सुरू झाला तर सुमारे बारा तास. झटके येऊ लागले तर दोन दिवस. मूल आडवे आले किंवा बाई अडली तर तीन दिवस. जंतुसंसर्ग झाला तर सहा दिवस. परंतु मूल बाहेर आल्यानंतर वार अडकून राहिली, किंवा गर्भाशय आवळले गेले नाही आणि रक्त वाहू लागले, तर फक्त दोन तास. ही सरासरी आहे. कोणाला याहून कमी वेळ मिळतो. आणि हे संकट आधी कळवून येत नाही. नऊ महिने जिची प्रकृती उत्तम होती, तपासणी वेळेवर झाली होती, तिलाही ते गाठते.

यावर उपाय नाहीत असे मुळीच नाही. गर्भाशय आवळण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन आहे. ते थंड पेटीत, म्हणजे २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, नाहीतर त्याचा गुण उतरतो. रक्त गोठण्यास मदत करणारे ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड आहे. वीस हजार बायकांवर झालेल्या चाचणीत ते पहिल्या तीन तासांत दिले तर जीव वाचतात, असे २०१७ साली सिद्ध झाले. बाळंतिणीखाली मोजमापाची पिशवी लावून रक्त किती गेले ते पाहायचे, आणि ठरल्या मर्यादेपुढे गेल्याबरोबर सर्व उपाय क्रमाने नव्हे तर एकदम सुरू करायचे, या पद्धतीने गंभीर रक्तस्रावाची प्रकरणे शंभरांवरून चाळिसांवर आली, असे आफ्रिकेतील चार देशांत केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. यांतील एकही उपाय महागड्या यंत्राचा नाही. प्रत्येक उपायाला हवा आहे तो त्या क्षणी खाटेपाशी उभा असलेला, शिकलेला आणि झोपेने न पेंगणारा माणूस.

आता आमच्या विषयाकडे वळतो. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम करावे, अशी मर्यादा १९४८ च्या कारखाना कायद्याने घातली. तो कायदा रुग्णालयातील डॉक्टरांना लागू नाही, पण माणसाच्या शरीराची मर्यादा डॉक्टर झाल्याने वाढत नाही, म्हणून तोच मापदंड आपण घेऊ. १६८ ला ४८ ने भागा, साडेतीन येतात. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण, साप्ताहिक सुट्ट्यांची अदलाबदल धरा, म्हणजे एकच खुर्ची अहोरात्र भरलेली ठेवण्यासाठी चार ते पाच माणसे लागतात. गिरणीतल्या कोणत्याही जॉबरला हा हिशेब तोंडपाठ असतो.

रात्री दोन वाजता एका बाईचे सिझेरियन करायचे झाले तर किती खुर्च्या लागतात? शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर, शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, जन्मलेल्या मुलाकडे पाहणारा जाणकार, रक्ताचा गट जुळविणारा तंत्रज्ञ, आणि उचल-ठेव व साफसफाई करणारे मदतनीस. सहा खुर्च्या झाल्या, आणि प्रसूतिकक्षातील परिचारिका व मावशी निराळ्या. सर्वांनी रात्रभर तेथेच बसले पाहिजे असे नाही. आवारात राहणारा डॉक्टर हाक मारल्यावर दहा मिनिटांत येऊ शकतो. पण हाक मारायला माणूस नेमलेला तर हवा! समजा, रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर एकच आहे. तो मन लावून ४८ तास काम करतो. उरलेल्या १२० तासांचे काय? मूल जन्माला येताना वार आणि वेळ पाहत नाही. म्हणजे अडलेल्या दर सात बायकांपैकी दोघींना तो भेटेल आणि पाच जणींना बंद दार भेटेल. फलकावर मात्र ‘२४ तास प्रसूतिसेवा’ असे लिहिलेलेच राहील.

बॅनबरीची हकीकत

एवढ्यावर कोणी म्हणेल की, ही गरीब देशाची रडकथा झाली; श्रीमंत देशात असे होत नसेल. म्हणून इंग्लंडमधील एका गावाची हकीकत सांगतो. तेथे या प्रकरणाचा प्रत्येक टप्पा जाहीर नोंदींत आहे, आणि प्रसूतिविभाग कसा हातचा जातो हे त्यावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. उपचाराच्या वेळी खिशात हात घालावा लागणार नाही, हे तिचे सूत्र. ती उभी करणारा आरोग्यमंत्री अॅन्यूरिन बेव्हन हा वेल्समधील ट्रेडेगर या खाणगावचा. तेराव्या वर्षी शाळा सोडून कोळशाच्या खाणीत उतरलेला आणि कामगारांच्या वाचनालयात शिकलेला. त्याच्या गावात खाणकामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून वैद्यकीय साहाय्य मंडळ चालवीत. ती कल्पना त्याने देशाला लावली. अशा देशातील ही गोष्ट आहे.

ऑक्सफर्डपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर बॅनबरी नावाचे बाजारपेठेचे गाव आहे. वस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर. तेथील हॉर्टन रुग्णालय मेरी अॅन हॉर्टन या बाईंच्या देणगीतून उभे राहिले आणि १८७२ साली उघडले. गावच्याच नव्हे, तर शेजारच्या दोन परगण्यांतल्या बायकाही तेथे बाळंत होत. वर्षाला सुमारे दीड हजार बाळंतपणे. १९९८ साली या रुग्णालयाचा कारभार ऑक्सफर्डच्या मोठ्या रुग्णालयांबरोबर एकत्र करण्यात आला. काही वर्षांनी कारभाऱ्यांनी असा प्रस्ताव मांडला की, अवघड बाळंतपणे आणि मुलांचा विभाग ऑक्सफर्डला हलवावा.

गावाने हे मानले नाही. सर्व पक्षांची माणसे, गावचे डॉक्टर, नगरपालिका आणि साध्या गृहिणी एकत्र आल्या. ‘हॉर्टन रुग्णालय राखा’ अशी चळवळच उभी राहिली. त्यांनी मोर्चे काढले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे परगण्याच्या लोकनियुक्त समितीला असा प्रस्ताव आरोग्यमंत्र्यांकडे पाठविता येत असे. तो तिने पाठविला. मंत्र्यांनी स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाचा सल्ला घेतला. मंडळाने २००८ साली सांगितले की, या हलवाहलवीने लोकांना सेवा अधिक चांगली किंवा अधिक जवळ मिळणार नाही. प्रस्ताव फेटाळला गेला आणि गाव जिंकले.

पुढचा भाग लक्षपूर्वक ऐकावा. शिकाऊ डॉक्टरांना तेथे प्रसूतिशास्त्राचे शिक्षण देण्याची मान्यता पुढे काढून घेतली गेली. शिकाऊ डॉक्टर जाणे म्हणजे रात्रपाळीची निम्मी फळी जाणे. त्या जागी निराळ्या नेमणुका करून काही वर्षे काम रेटले. मग जाहिरातींनाही पुरेसे उमेदवार मिळेनात. ऑक्टोबर २०१६ मध्ये, पाळ्या भरण्याइतके डॉक्टर नाहीत या कारणाने, डॉक्टरांचा प्रसूतिविभाग ‘तात्पुरता’ बंद करण्यात आला. मागे राहिले ते फक्त सुइणींनी चालवायचे छोटे प्रसूतिगृह. अडचण आली की रुग्णवाहिकेने ऑक्सफर्ड गाठायचे. ऑगस्ट २०१७ मध्ये तात्पुरते ते कायम करण्याचा ठराव झाला. स्थानिक नगरपरिषदा न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांचा दावा निकाली निघाला, त्यांच्या विरुद्ध. पुन्हा तज्ज्ञ मंडळ, पुन्हा फेरविचार, तीन परगण्यांची संयुक्त समिती, असे सर्व सोपस्कार झाले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तोच निर्णय पुन्हा कायम झाला.

यात कोणी मुद्दाम कट केला, असे आमचे म्हणणे नाही. डॉक्टरांचा तुटवडा खरा होता. पण कामगार चळवळीतला माणूस यातून जे वाचतो ते असे: २००८ साली जे ठराव करून साधले नाही, ते २०१६ साली रिकाम्या जागांनी साधले. ठरावाविरुद्ध मोर्चा काढता येतो, अपील करता येते. रिकाम्या खुर्चीविरुद्ध अपील कुठे करणार? खुर्ची रिकामी पडली की सेवा आपोआप ‘असुरक्षित’ ठरते, आणि असुरक्षित सेवा बंद करणे हे कर्तव्यच ठरते. सुंठीवाचून खोकला गेला! म्हणून गावाचे लक्ष ठरावावर नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, पहिली जागा रिकामी झाली त्या दिवसावर हवे.

दुसरी बाजू

मोठ्या ठिकाणी सेवा एकवटावी असे म्हणणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ती निव्वळ काटकसरीची नाही. डॉक्टरचा हात सरावाने तयार होतो. आठवड्याला दोनच बाळंतपणे पाहणाऱ्याला संकट ओळखायला वेळ लागू शकतो. मोठ्या रुग्णालयात रक्तपेढी, नवजात मुलांचा अतिदक्षता विभाग आणि अनुभवी वरिष्ठ एकाच छपराखाली मिळतात. शिवाय निरोगी बाईचे साधे बाळंतपण शिकलेल्या सुइणीच्या हातून उत्तम होते. २०११ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हेच दिसले की, धोका नसलेल्या बायकांच्या मुलांना सुइणींच्या प्रसूतिगृहात अधिक अपाय होत नाही. परंतु त्याच अभ्यासात हेही आहे की, मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या अशा प्रसूतिगृहात आलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात सुमारे ३६ जणींना मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. हलविणे म्हणजे रस्ता आणि रस्ता म्हणजे वेळ. तेव्हा एकवटण्याचा निर्णय नकाशा आणि घड्याळ समोर ठेवून व्हावा. केवळ हिशेबाच्या वहीवरून नव्हे.

उलट, दार उघडे राहिले म्हणजे सर्व झाले, असेही नाही. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर बॅरो नावाचे जहाजबांधणीचे गाव आहे. तेथून लँकेस्टरचे रुग्णालय, खाडीला वळसा घालून, सुमारे तासाभराच्या वाटेवर. म्हणून बॅरोच्या फर्नेस रुग्णालयातील प्रसूतिविभाग गावाला हवाच होता, आणि तो होताही. पण आत काय चालले होते? डॉक्टर, सुइणी आणि मुलांचे डॉक्टर यांचे आपसांत पटत नव्हते. धोक्याची चिन्हे दिसत असूनही नैसर्गिक बाळंतपणाचा हट्ट धरला जाई. मृत्यूची चौकशी थातुरमातुर होई. मूल गमावलेल्या आईबापांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा डॉ. बिल कर्कप यांची चौकशी नेमली गेली. मार्च २०१५ मध्ये तिचा अहवाल आला: २००४ ते २०१३ या काळात एक माता आणि अकरा मुले निराळ्या उपचाराने वाचण्याचा संभव होता. या अहवालानंतर विभाग बंद केला गेला नाही. तो सुधारण्यात आला, आणि २०१८ साली तेथे नवे प्रसूतिगृह उघडले. दूरच्या गावाला सेवा हवी म्हणून चुकांवर पांघरूण घालायचे नाही, आणि चुका झाल्या म्हणून गावाची सेवाही काढून घ्यायची नाही, हा मार्ग तेथे निघाला. आम्हांला तो योग्य वाटतो.

आपल्या घरातला वारसा

आता आपल्याकडे. कामाचे तास आणि बाळंतपण या दोन गोष्टी आम्ही एकत्र आणतो, याचे कोणाला नवल वाटत असेल तर इतिहासाकडे पाहावे. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेची पहिली बैठक भरली. तिचा पहिला करार आठ तासांच्या दिवसाचा आणि ४८ तासांच्या आठवड्याचा. तिसरा करार बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तेथे हजर होते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक चर्चेला आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला; मातेला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. १९६१ साली तो सर्व देशासाठी झाला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. गिरणीतल्या बाईने बाळंत होण्यासाठी पगार गमावू नये, यासाठी आपल्या आधीच्या पिढीने लढा दिला. त्याच बाईने बाळंत होताना जीव गमावू नये, हे त्या लढ्याचे उरलेले अर्धे काम आहे.

आपल्या व्यवस्थेची कागदावरची रचना वाईट नाही. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. त्याच्यावर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. काही शहरांत बायकांची स्वतंत्र रुग्णालये आहेत: अमरावतीचे ‘डफरीन’, अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’, नागपूरचे ‘डागा’. खालून पाठविलेली अवघड बाळंतपणे ज्या रुग्णालयाने घ्यायची, त्याला सरकारी भाषेत प्रथम संदर्भ केंद्र म्हणतात, आणि त्यासाठी तीन गोष्टी अत्यावश्यक ठरविल्या आहेत: अहोरात्र सिझेरियनची सोय, नवजात मुलाची काळजी आणि रक्ताची साठवण. तिन्हींपैकी एक नसेल तर ते संदर्भ केंद्र नव्हे, ती वाटेवरची धर्मशाळा समजावी. बाई तेथे येते, कागदावर नाव लागते, सलाईन लागते, आणि ‘पुढे न्या’ असे सांगितले जाते. त्यात गेलेला तास तिच्या दोन तासांतून वजा होतो.

२०११ च्या कार्यक्रमाप्रमाणे सरकारी रुग्णालयात बाळंतपण, मग ते सिझेरियनचे का असेना, औषधे, तपासण्या, रक्त, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस आहार, येण्या-जाण्याची गाडी, हे सर्व मोफत आहे. परंतु पाळीला माणूसच नसेल तर मोफत काय मिळणार? मग कुटुंब खासगी इस्पितळाची पायरी चढते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे, देशात सरकारी संस्थांतील शंभरांपैकी सुमारे १४ बाळंतपणे सिझेरियनची होती; खासगी संस्थांत सुमारे ४७. खासगीतील सर्वच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या, असे आम्ही म्हणणार नाही. तेथेही जीव वाचविणारे सज्जन डॉक्टर आहेत. पण रोजंदारीवर जगणाऱ्या घरात त्या बिलापायी मंगळसूत्र गहाण पडते, हे आम्ही वस्तीत पाहतो.

गावाने काय करावे

यावर आमचे सांगणे अगदी व्यवहारी आहे. रुग्णालयासाठी नवी इमारत मागण्याआधी पाच प्रश्न विचारावेत.

पहिला: प्रसूतिविभागात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि भरलेल्यांपैकी दुसरीकडे कामाला पाठविलेले किती? दुसरा: गेल्या तीन महिन्यांत रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत आणि रविवारी किती सिझेरियन झाली? ती सर्वच्या सर्व दिवसा झाली असतील, तर तेथे तिसरी पाळी नाही, हे कोणी न सांगता कळते. तिसरा: पुढे पाठविलेल्या बायका किती, कोणत्या वेळी, आणि पाठविण्याचे कारण काय लिहिले आहे? चौथा: रक्ताच्या पिशव्या किती ठेवल्या जातात आणि रात्री त्या काढून देणारा कोण? पाचवा: एखादी माता दगावली तर तिच्या मृत्यूची रीतसर छाननी झाली का, आणि त्यातून पुढे कोणता बदल केला?

यांत कोणत्याही रुग्णाचे नाव विचारावे लागत नाही. सर्व आकडे आहेत. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने ते मागता येतात. रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती असते. तिची बैठक केव्हा झाली, हेही विचारता येते. हे आकडे दर तीन महिन्यांनी एका वहीत लिहून ठेवावेत. बॅनबरीच्या उदाहरणातून एवढे तरी शिकावे की, पहिली जागा सहा महिने रिकामी राहिली की तेव्हाच आवाज उठवावा. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

जागा भरण्याचे मार्गही आहेत. साध्या एम. बी. बी. एस. डॉक्टरला जीवरक्षक भूल देण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना सरकारची आहे. आपल्या रुग्णालयातून कोणाला पाठविले, हे विचारावे. गावातील खासगी भूलतज्ज्ञाला दर प्रकरणामागे मानधन देऊन बोलाविता येते. मात्र त्याचे पैसे वेळेवर मिळतात का, ते पाहावे, नाहीतर चौथ्या हाकेला तो येत नाही. आणि जेथे तरुण डॉक्टर शिकतात तेथे रात्री दिवा जळत राहतो. म्हणून जिल्ह्याच्या रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षणाची सोय मागणे ही चैन नव्हे.

शेवटी, पाळीला जे उभे आहेत त्यांच्याविषयी दोन शब्द. अपुऱ्या माणसांत काम करणारी परिचारिका एका वेळी तीन बायकांच्या कळा पाहत असते. तिच्या तोंडून कठोर शब्द जातो. तो जाऊ नये हे खरे. पण तिच्याबरोबर दुसरी परिचारिका असावी, यासाठी आपण कधी अर्ज केला का? कंत्राटी परिचारिका, मावशी, सफाई कामगार यांचे पगार थकतात, राहायला खोली नसते. मग चांगली माणसे टिकत नाहीत. आणि एखादा मृत्यू झाला की डॉक्टरांवर धावून जाणे, काचा फोडणे, हा तर आत्मघात आहे. असे करणे २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे, हे सोडा. साधा हिशेब असा की, एका दगडाने आधीच अपुऱ्या हजेरीपटातली आणखी दोन नावे कमी होतात, आणि त्याची किंमत पुढच्या महिन्यात येणारी दुसरीच बाई देते. जाब जरूर विचारावा. तो कागदावर, नावानिशी, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारावा.

या व्याख्यानमालेला येणाऱ्यांत शिक्षक आहेत, वकील आहेत, व्यापारी आहेत, घर चालविणाऱ्या भगिनी आहेत. यांतल्या पाच जणांनी मिळून एक वही घातली आणि वर सांगितलेले पाच प्रश्न वर्षातून चार वेळा विचारले, तर त्याला ना मोठा निधी लागतो, ना कोणत्या पक्षाचा झेंडा. आमच्या संघटनेच्या कचेरीतले टेबल त्या कामासाठी संध्याकाळी मोकळे असते. पहिली वही आम्ही आणून ठेवू.